दारावरचा निंब

आमच्या थोरल्या लेकीच्या डाव्या दंडावर देवीचे दोन वण आहेत. एक शर्टाच्या गुंडीसारखा गोल, दुसरा लांबट, बाजूला सरकलेला. तो सरकला का, तर टोचून घेताना आजी तिला मांडीवर घेऊन बसली होती, आणि लेकराऐवजी आजीच हलली. लेक आता स्वतः आजी झाली. पण भांडी घासायला तिनं बाही वर सारली की माझी नजर अजून त्या लांबट वणावर जाते.

आताच्या पोरींना देवी काढणं म्हणजे काय ते सांगावं लागतं. अंगभर फोड आणणारा तो रोग यायचा, माणसं न्यायचा, डोळे न्यायचा. तो होऊ नये म्हणून सरकारी माणूस गावोगाव फिरून लेकरांच्या दंडावर लस टोचायचा. आणि लस टोचली म्हणजे माता थोडीशी का होईना, पण घरात आली, असं आमच्याकडे मानायचे. पाहुणी आली, तर पाहुणीचं करावं लागतं. ते कसं, हे पुढं येईलच.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवाच होता. मी लग्न होऊन आले ते गाव लहानसं, धामणगाव बढेच्या बाजाराला भाजी नेणारं. घरचा मळा, विहीर, वांगी, मिरची, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, आमच्या वऱ्हाडात. घरात सासू, सासरे, आमचे हे आणि मी. सासूला मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामाजी. मामाजींसमोर बोलायचं नाही अशी रीत होती. त्यांना काही सांगायचं तर मी आत्याबाईंकडे तोंड करून सांगायची आणि ऐकायचं त्यांनी. ते ओट्यावरून खोकले की समजायचं, पोचलं.

आत्याबाईंचा उजवा डोळा पांढरा होता. लहानपणी देवी आल्या, त्यात डोळ्यात फूल पडलं. चेहरा वणांनी भरलेला. पुढं त्यांचा पहिला मुलगा, आमच्या ह्यांच्या आधीचा, देवीतच गेला. त्याचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पण होळी झाली, ऊन तापायला लागलं, की त्या गप्प होत जायच्या. रोज सकाळी तांब्या घेऊन गावाबाहेर मातामायला पाणी घालून यायच्या. मातामाय म्हणजे निंबाच्या झाडाखाली शेंदूर फासलेले दगड, बाकी काही नाही. पण त्या दगडांसमोर आत्याबाई ज्या नम्रपणे उभ्या राहायच्या, तशा त्या मामाजींसमोरही कधी उभ्या राहिल्या नाहीत.

त्या वर्षी थोरली माझी नुकती उपडी पडायला शिकत होती. आणि बातमी आली की नदीपलीकडच्या गावात देवी आल्या. नदी म्हणजे तरी काय, उन्हाळ्यात पोट्टे चप्पल हातात घेऊन पार करायचे. तिकडची माणसं आमच्या विहिरीवर पाणी प्यायची, आमची मिरची तिकडे जायची. त्या गावची कासारीण माझ्या लग्नात बांगड्या भरायला आली होती, फार हसरी बाई. तिचा लहानगा गेला. ते ऐकलं त्या दिवसापासून मी लेकीला अंगाखाली घेऊन झोपायला लागले, जसं काही माझ्या अंगावरून रोगाला जाता येणार नव्हतं.

मग कोतवालानं दवंडी दिली की देवी काढणारा आलाय, लेकरं घेऊन चावडीपाशी या.

तो माणूस सायकलवर आला होता. खाकी सदरा, उन्हानं रापलेलं तोंड, हँडलला ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा, आत लसीच्या काचेच्या नळ्या. स्वभावानं चिडका. सगळं गाव त्याला डॉक्टर म्हणायचं आणि तो दर वेळी म्हणायचा, "मी डॉक्टर नाई." कोणी ऐकायचं नाही. बाया भ्यायच्या फार. कोणी लेकरू घेऊन मळ्यात पळाली, कोणी गोठ्यात शिरली. एकीनं तर पोरगं धान्याच्या रिकाम्या कणगीत उतरवलं आणि दारात उभी राहून सांगत होती, "मामाच्या घरी गेलं." तेवढ्यात कणगी शिंकली.

आत्याबाई मात्र लपवणाऱ्यांतल्या नव्हत्या. चावडीपाशी सगळ्यांच्या आधी आम्हीच.

"म्हातारे, तुले भेव नाई लागत?" मागून कोणी तरी विचारलं.

"मले तिचं मोठं रूप मालूम हाय," आत्याबाई म्हणाल्या. "लहान आली तं मोठी येत नाई. येऊ दे लहान."

त्यानं दंडावर लसीचे दोन थेंब ठेवले, दातेरी चक्री लावून गर्रकन फिरवली. लेक किंचाळली, मी डोळे मिटले, झालं. तो प्रत्येक बाईला तेच तेच सांगत होता, "हात लावू नका. पुढच्या बाजाराच्या दिवशी पाह्यले येतो, आल्या का नाई ते." देवी आल्या, म्हणजे त्या जागी फोड उठला पाहिजे, भरला पाहिजे, मग खपली. उठलाच नाही तर टोचलं ते वाया.

हे त्यानं सांगितलं खरं. पण आम्ही घराच्या पायरीशी आलो आणि आत्याबाईंनी आधीच वाटून ठेवलेली हळद तिथंच लेकराच्या दंडावर थापली. पाहुणीला गारवा नको का? वरून निंबाच्या पाल्याच्या पाण्याची धार. दाराला निंबाचा डहाळा बांधला. डहाळा दिसला की परक्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. चुलीवर फोडणी नाही, कढईच भिंतीला टांगली. कोणी डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, लेकराला रागावायचं नाही. मीही बाहेर जायचं नाही. बिनफोडणीचं वरण आणि भाकरी. आमचे हे ठेच्याची आठवण काढत जेवायचे.

आणि लेक माझी मजेत. ताप नाही, रडणं नाही.

"गुनाची हाय वं हे देवी," आत्याबाई म्हणायच्या. "पाय, लेकराले तरास नाई. शांत बसली हाय."

सकाळ-संध्याकाळ निंबाचं पाणी चालूच. त्यांच्या तोंडावर त्या दिवसांत जे समाधान मी पाहिलं, ते कधी पाहिलं नव्हतं. चालताना त्या गुणगुणायच्याही.

आमच्या मळ्यात खुरपायला यायची ती बाई माझ्याच वयाची, तिचंही लेकरू माझ्या लेकीएवढंच. त्यांच्या वस्तीनं नुकतंच देवदेवस्की सोडून बुद्धाला जवळ केलं होतं. ती एका दुपारी आमच्या परसातल्या काट्याच्या कुंपणाशी ताक न्यायला आली. डहाळा पाहून बाहेरच थांबली, आमची रीत म्हणून. लेकरू तिच्या कडेवर.

"पोरगी कशी हाय, बाई?"

"चांगली हाय. खेळते. ताप नाई, काई नाई."

"ताप नाई?" तिनं ताकाचा गडवा खाली ठेवला. "माह्या पोट्ट्यानं तं झोपू देल्लं नाई. हे पाहा."

तिनं त्याच्या दंडावरचं आंगडं सारलं. दोन फोड, टपोरे, तुरीच्या दाण्यासारखे, मधे खळगी, भोवती लाल.

"तुनं काय लावलं वं याले?"

"काईच नाई. आमी थे निंब बांधनं, हळद लावनं समदं सोडलं न आता. आन त्या टोचनाऱ्या बाबूनं सांगतलंच होतं, हात लावू नका म्हनून. तुमच्या पोरीचा दाखवा बरं."

मी दाखवला. हळदीचा पिवळा डाग, त्याच्या आत डास चावल्यासारखे दोन ठिपके, तेही विझत चाललेले. तिनं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "आल्या नाईत, बाई, ह्या," एवढंच म्हणाली आणि गडवा उचलून गेली.

नदीपलीकडं रोग बसलेला, आणि माझं लेकरू तसंच उघडं. घरात मात्र डहाळा, घरात समाधान. आता हे आत्याबाईंना सांगणं म्हणजे तुमची पाहुणी तुमच्या दारात आलीच नाही असं तोंडावर सांगणं. मी ह्यांना सांगितलं. हे बैलाला पाणी दाखवत होते.

"मायले तू सांग," म्हणाले. "मी सांगतलं तं म्हनीन, तुले काय समजते."

"आन मले समजते असं म्हनीन का?"

"तुले निदान मारनार नाई," हे म्हणाले आणि बैल घेऊन गेले.

असे दिवस गेले आणि बाजाराचा दिवस आला. सायकल दारात थांबल्याचं मी आतून ऐकलं. आत्याबाई उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, बाहीरच राह्या. देवी हाय घरात."

"मी डॉक्टर नाई. आन देवी मीच आनली न, बाई. मलेच पाहू देत नाई तुमी?"

"तुमी आनली, पन आता आमची पाहुनी हाय."

"मंग लेकराले बाहीर आना. मी हात लावत नाई, पाहतो फकस्त."

"देवीचं लेकरू उनावाऱ्यात काढत नसते. तुमाले येवढं समजू नये?"

"बाई, मी आज फुडच्या गावाले चाललो. मंग इकडं येनं पानी-पावसानंतरच. मले पाहू द्या, माहं काम करू द्या."

मामाजी ओट्यावरून म्हणाले, "जाऊ द्या, डॉक्टर. बायामानसाईच्या रितीत आपुन कायले पडाचं?"

"मी डॉक्टर नाई," तो चिडून म्हणाला. सायकलचं स्टँड खटकन उचललेलं ऐकू आलं.

मी लेकीला घेऊन माजघरात उभी. पानी-पावसानंतर, हे शब्द माझ्या कानात बसले. सगळा उन्हाळा मधे होता. आत्याबाई आत आल्या, पदरानं तोंड पुसत, कामगिरी फत्ते केल्यासारख्या.

"आत्याबाई," मी म्हणाले, "देवी आलीच नाई."

हळू म्हणायचं होतं, पण मोठ्यानं निघालं. ओट्यावरचा खोकला मधेच थांबला.

"काय म्हनलीस?"

मी लेकीचा दंड त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चांगला डोळा अगदी जवळ आणला. अंगठा ओला करून हळद पुसली. परत पुसली. खाली लेकीची कातडी, गव्हाच्या रंगाची, सपाट. खुरपणारीच्या लेकराचा दंड कसा होता ते मी सांगितलं. त्यांनी चुलीजवळ टांगलेल्या कढईकडं पाहिलं, मग दाराकडं.

"मंग मी निंब कोनाले बांधला?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं आता रागावतील. रडतील की काय असंही वाटलं. त्या बसून राहिल्या, ओठ हलत होते, हिशेब चालल्यासारखे. मग उठल्या, दारापाशी गेल्या आणि डहाळा स्वतःच्या हातानं ओढून काढला.

"आली नाई म्हंजे बोलावनं चुकलं," म्हणाल्या. "आन लेकरू इकडं. कुकाचा करंडा घे. चाल."

"मीबी?"

"मंग काय मी पाजू तिले?"

मामाजींसमोरून आम्ही दोघी निघालो. ते तोंड उघडणार होते, पण आत्याबाई त्यांच्याकडं न पाहताच म्हणाल्या, "बायामानसाईच्या रितीत पडू नका." मामाजी खोकले.

आत्याबाईंना मी कधी धावताना पाहिलं नव्हतं, आणि त्याही दिवशी त्या धावल्या असं कोणी म्हणू शकणार नाही. पण मला गाठता येत नव्हतं. गावाबाहेर, मातामायच्या निंबाच्या सावलीत तो माणूस सायकलची चेन बसवत होता. चेन पडली होती. आजही मी म्हणते, ती पडली म्हणून तो सापडला.

"डॉक्टर, थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "बोलावनं चुकलं आमचं."

त्यानं ग्रीसचे हात पालापाचोळ्याला पुसले आणि लेकीचा दंड पाहिला.

"हळद लावली होती?"

"लावली."

"निंबाचं पानी?"

"दोन टाइम."

"कवापासून?"

"पायरीवरच. टोचून आनलं, तवाच."

त्यानं श्वास सोडला. "लस उनानं मेली का तुमच्या हळदीनं मेली, मी सांगू शकत नाई. पन बाई, ते आंगात शिरलंच नाई तं फोड कुठून येईन?"

आत्याबाईंनी दगडांकडं पाहिलं. "म्हंजे पाहुनी दारात यायच्या आंधीच मी तिच्या आंगावर पानी टाकलं," म्हणाल्या.

"तसंच समजा."

त्यांनी दगडांना कुंकू लावलं, मग त्या माणसाला लावायला गेल्या. तो मागं सरला. तर त्याच्या डब्याला लावलं. मग पदर सावरून निंबाखाली मांडी घातली आणि लेकीला मांडीवर घेतलं. त्यानं हात धुतले, नळी फोडली. पहिली चक्री नीट फिरली. दुसऱ्या वेळी लेकीनं टाहो फोडला आणि आत्याबाईंचं सगळं अंग हललं. तो लांबट वण तो.

"हलू नका सांगतलं होतं न," तो ओरडला.

"लेकरू हाललं."

"लेकरू नाई, तुमी हाललात."

आत्याबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता काय करू?"

"काई करू नका."

"काईच?"

"हळद नाई, पानी नाई, पाला नाई. हाताले उघडं राहू द्या. काई करायचं नाई."

"काईच न करनं मले जमत नाई, भाऊ," आत्याबाई म्हणाल्या. डॉक्टर म्हणायचं त्यांनी तेव्हा सोडलं, आणि तो बिचारा पहिल्यांदा हसला.

"मंग असं करा. फोडनी देऊ नका. तेवढं चालते."

"आन निंब?"

"दाराले बांधा. लेकराले नाई. आन फुडच्या येळी मी आलो तं आत घ्या."

त्या दिवसापासून आत्याबाई लेकीजवळ पंखा घेऊन बसल्या. माशी बसू द्यायची नाही, हात लावायचा नाही. हात लावायचा नाही हे त्यांना इतकं जड जायचं की त्या स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसायच्या. मग एका पहाटे दंडावर दोन गाठी उठल्या. नंतर पाणी भरलं. लेकीला ताप आला, ती दूध टाकायला लागली, रात्रंदिवस कुरकुर. आणि आम्ही दोघी अशा खूश, की ह्यांना वाटलं आमचं डोकं फिरलं.

"आली वं माय," आत्याबाई त्या फोडांकडं पाहत म्हणायच्या. "बस. बस निवांत."

पुढच्या बाजाराला तो आमच्या गावी येणार नव्हताच, पण धामणगावच्या बाजारात असतो असं ऐकलं होतं. मी लेकीला पोटभर पाजून दिलं, आणि आत्याबाई तिला पदराखाली घेऊन वांग्यांच्या पाट्यांसोबत आमच्या बैलगाडीत बसल्या आणि धामणगावला गेल्या. भर बाजारात त्याला शोधून काढलं आणि दंड दाखवला. ह्यांनी येऊन सांगितलं ते असं, की त्यानं पाहिलं, मान हलवली आणि तो नको नको म्हणत असताना मायनं वांगी त्याच्या सायकलच्या कॅरिअरला बांधली.

वैशाखात देवी आमच्या गावात शिरल्याच. मागच्या आळीत ज्या घरी कणगी शिंकली होती, त्याच घरी. पोरगं वाचलं, पण आत्याबाईंसारखाच एक डोळा गेला. त्या घराच्या दाराला निंब होता, तो खरा. आत्याबाई त्या बाईला वेळेवर भाकरी पोचवायच्या, बाहेरून. घरी परतल्या की आधी माझ्या लेकीच्या दंडावरच्या काळ्या खपल्या पाहायच्या. रोज. कोणी तरी काढून नेईल असं त्यांना वाटायचं की काय, कोण जाणे. खपल्या पडल्या आणि खाली गुलाबी वण निघाले, त्या दिवशी मातामायला दहीभात नेला. पाहुणीची पाठवणी. घरी येऊन कढई उतरवली, लसणाची अशी फोडणी दिली की शेजारीण शिंकत आली.

पुढं माझी आणखी लेकरं झाली. नव्या नव्या लसी निघाल्या, त्रिगुणीची सुई, पोलिओचे थेंब. आरोग्य केंद्रात न्यायचा दिवस मी विसरले तरी आत्याबाई विसरायच्या नाहीत. एसटीत मांडीवर नातू घेऊन बसायच्या आणि शेजारच्या बाईला विचारायच्या, "तुह्या लेकराचं झालं का समदं? मंग काऊन नाई?" नसेल झालं तर उतरेपर्यंत तिची सुटका नाही. पोलिओचे थेंब पाजून आलो तरी दाराला डहाळा आणि रात्री बिनफोडणीचं वरण. मी एकदा म्हणाले, "आत्याबाई, थेंबाले कायची फोडनी बंद?" तर म्हणाल्या, "पाहुनी लहान असो का मोठी, वागनूक एकच."

शेवटी शेवटी त्यांचा चांगला डोळाही मोतीबिंदूनं गेला. थोरली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. पणतीचं तोंड काही त्यांनी चाचपलं नाही, आधी दंड चाचपला. एक, मग दुसरा.

"हिले टोचलं नाई?"

"देवीचं आता टोचत नाहीत, आजी," थोरली म्हणाली. "देवी गेली. सगळ्या दुनियेतूनच गेली."

"गेली?"

"हो. कुठंच नाही आता."

आत्याबाईंनी बाळाचा दंड हातात धरून ठेवला. मग थोरलीला जवळ ओढलं, तिची बाही वर सारून तो लांबट वण बोटानं शोधला आणि बोट तिथंच ठेवलं.

"मंग पाठवनी कोनं केली तिची?" त्यांनी विचारलं.

थोरली माझ्याकडं पाहायला लागली. मी म्हणाले, "केली अशीन कोनी तरी, आत्याबाई."

"दहीभात देल्ला अशीन न?"

"देल्ला अशीन."

त्यांनी मान हलवली. बाळाला थोपटलं. मग विचारलं, "त्रिगुणी कवा हाय हिची?"

उद्या आहे, असं सांगितलं. "मंग आजपासून फोडनी नको," म्हणाल्या, आणि त्या रात्री आम्ही सगळ्यांनी बिनफोडणीचं वरण खाल्लं. अजूनही घरातल्या लहानग्याला टोचून आणलं की मी तसंच करते. सुना कुरकुरतात, नातवंडं तोंड वाकडं करतात. मी त्यांना ठेचा देते वाढून, वेगळा.